लाल पडलेले फोटो आणि पांढरे आकाश

चौल-रेवदंड्याच्या घरोघरी सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आता विटत चालले आहेत. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर काढलेल्या फोटोत समुद्र तांबूस, आकाश गुलाबी आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर विटकरी दिसतो. असा फोटो मोबाइलमध्ये घेऊन रंग काढून टाकले की झाला कृष्णधवल, असा सर्रास समज आहे. रंग जातात खरे, पण मागे उरतो तो मळकट राखाडी चौकोन. पाणी कुठे संपले आणि आकाश कुठे सुरू झाले, हेही धड कळत नाही.

मुळात कोणता रंग किती गडद उतरवायचा, हे ठरवणे म्हणजे कृष्णधवल करणे. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल असतात आणि त्यांतला प्रत्येक म्हणजे एक स्वतंत्र कृष्णधवल चित्रच असते. काही प्रोग्रॅम रंग काढताना या तिघांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी घेतात. त्या हिशेबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा अगदी सारखेच राखाडी होतात. होडीची निळी फळी आणि तिच्यावरचा पिवळा पट्टा एकमेकांत विरून जातात. डोळ्याला मात्र पिवळा कितीतरी उजळ दिसतो. म्हणून एचडी टीव्हीच्या मानकात उजेडाचा हिशेब हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला फक्त ७ टक्के असा धरतात.

विटलेल्या फोटोसाठी हा हिशेबही पुरत नाही. रंगीत छापील फोटोत मोरपंखी, किरमिजी आणि पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या अनेक कागदांवर, अल्बमच्या अंधारात ठेवूनही, मोरपंखी द्रव्य सर्वांत आधी उडाले. लाल प्रकाश अडवणारे तेच असल्यामुळे ते गेले की फोटो लाल पडतो आणि लाल चॅनल फिकट, निर्जीव होतो. तटाच्या दगडांतल्या सांधी आणि माणसांच्या चेहऱ्यांवरच्या रेषा किरमिजी थरात, म्हणजे हिरव्या चॅनलमध्ये, बऱ्याचदा शाबूत असतात. तिथूनच सुरुवात करावी. वर्षानुवर्षे भिंतीवर उजेडात टांगलेल्या फोटोत वेगळाच थर आधी गेलेला असू शकतो. म्हणून तिन्ही चॅनल उघडून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

मूळचाच कृष्णधवल असलेला फोटो रंगीत स्कॅन कशाला करायचा, असेही विचारले जाते. करायचा तो डागांसाठी. ओलीने पडलेले पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये काळे ठिक्कर दिसतात, तर लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. राखाडी स्कॅन केला की ही संधी कायमची गेली. इथे लाल चॅनल कामाला येतो, लाल पडलेल्या रंगीत फोटोत तोच निकामी ठरतो. एकच नियम सगळ्या अल्बमला लावता येत नाही, तो यासाठी.

सर्वांत रुजलेला गैरसमज निराळाच आहे: जुन्या काळचा फोटो म्हणजे डोळ्याला दिसले तेच, फक्त रंग वजा. जोसेफ जेर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईच्या इतिहासावरचे पुस्तक १८७६ साली मुंबईत निघाले, तेही छायाचित्रांसह. त्या काळी फोटो टिपायला वापरात असलेल्या काचा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. निळे आकाश पांढरेफेक उतरे आणि ढग त्यात बुडून जात. पोफळी-नारळीच्या वाड्या नको तितक्या काळ्या होत, तांबडे लुगडे तर जवळपास काळेच. हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून काचेला इतर रंगही टिपायला लावले, पण सगळे रंग टिपणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास. म्हणून तसल्या फोटोतले कोरे आकाश पाहून त्या दिवशी मळभ होते, असे कोणी लिहिले तर ते मानू नये. ते आकाश हवेबद्दल फारसे काही सांगत नाही, काचेबद्दल सांगते.

आपल्या चित्राला तशी धाटणी हवी असेल तर निळा चॅनल वापरावा. उलट लाल चॅनलने निळे आकाश गडद होते, ढग उठून दिसतात आणि धुरकट हवेतूनही कोर्लईची कड स्वच्छ उमटते. दोन्ही रूपे रास्त आहेत. कोणते निवडले, याची नोंद मात्र फाइलसोबत असलीच पाहिजे. पुढे कोणी त्या चित्रावरून समुद्राचा रंग किंवा दिवसाची वेळ ठरवायला बसले, तर फसगत होऊ नये.

स्कॅन करताना १६ बिट ठेवावे. साध्या ८ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या मिळतात. विटलेला फोटो त्यांतल्या थोड्याच वापरतो, आणि त्या ताणल्या की आकाशात नि पाण्यात पट्टे उमटतात. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला इंचाला ६०० बिंदू पुरतात. टिफ फाइल जपावी आणि रंगीत स्कॅन कधीही पुसू नये. होड्यांचे रंग त्यातच आहेत, विटलेले का होईना.

हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर चिकट होतो आणि बुरशी धरतो. थंडीच्या कोरड्या दिवसांत अल्बम उघडावा, बुरशी ओल्या फडक्याने पुसू नये आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. किनारा रेवदंड्याचा की थेरोंड्याचा, हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेले असते.