नॅशव्हिलचं वार्तापत्र : प्रेस्बिटेरियनांचं इजिप्त

प्रेस्बिटेरियन म्हणजे ख्रिस्ती पंथांतली तशी सोवळी मंडळी. बिशप नाही, मूर्ती नाही, कारभार निवडून दिलेल्या वडिलांच्या हाती. मिरजेचं वॉन्लेस इस्पितळ उभं राहिलं ते याच पंथाच्या मिशनमधून. अशा लोकांनी टेनेसीच्या राजधानीत, भर बाजारात, फारोच्या मंदिरासारखं चर्च बांधलंय!

दारावर पंख पसरलेलं सूर्यबिंब, दारापाशी कमळाच्या शिराचे भक्कम खांब. आत तर विचारूच नका. उपदेशपीठामागच्या भिंतीवर खांबांच्या रांगा अशा रंगवल्यात, की दालन पुढेही चालूच आहे असं वाटावं. जवळ जावं तर हाताला लागते सपाट भिंत. लाल, निळा, हिरवा, कशातच कंजुषी नाही. गंमत अशी, की हे रंग चर्च बांधलं तेव्हाचे, म्हणजे 1851 चे नव्हेत. ते 1880 च्या दशकात, म्हणजे पुढच्या पिढीने चढवले.

ही इथली तिसरी वास्तू. पहिली 1832 मध्ये जळाली. दुसरीत जेम्स पोक यांनी 1839 मध्ये गव्हर्नरपदाची शपथ घेतली. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. तीही 1848 मध्ये आगीत गेली. तेव्हा विल्यम स्ट्रिकलंड गावातच होता, टेकडीवर राज्याचं कॅपिटॉल बांधत. फिलाडेल्फियात ग्रीक धाटणीच्या इमारतींनी नाव कमावलेला हा वास्तुकार. नव्या चर्चचा आराखडाही त्याचाच. वर ग्रीस आणि खाली इजिप्त, दोन्ही एकाच हातचं. 1854 मध्ये तो वारला आणि कॅपिटॉलच्या भिंतीतच त्याला चिरविश्रांती मिळाली.

नेपोलियनच्या 1798 च्या स्वारीनंतर इजिप्तचं वेड युरोपातून इकडे आलं खरं, पण अमेरिकेत ते बहुतेक स्मशानांच्या वेशींवर आणि तुरुंगांवर खर्ची पडलं. चर्चला कोण लावतो? मला वाटतं, दोनदा होरपळलेल्या मंडळीला हजारो वर्षं टिकलेल्या दगडांचा मोह पडला असावा. शिवाय मोशे, योसेफ यांच्या कथा ऐकत वाढलेल्यांना इजिप्त परकं थोडंच!

यादवी युद्धात, 1862 मध्ये उत्तरेच्या फौजेने शहर घेतलं आणि चर्चचं लष्करी इस्पितळ केलं. खरं संकट मात्र शांततेत आलं. शहर उपनगरांकडे सरकलं, तसं 1955 मध्ये मूळ मंडळीनेही बिऱ्हाड हलवलं. मोजके लोक हटून बसले, ही वास्तू त्यांनी आपल्याकडे घेतली आणि नाव दिलं 'डाउनटाउन प्रेस्बिटेरियन चर्च'. 1993 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आज तिथे चित्रकारांना कामासाठी जागा मिळते आणि गोरगरिबांच्या पंगतीही उठतात.