उत्तर आलंच नाही, तर?

१२ एप्रिल २०२५ हा शनिवार होता, हनुमान जयंतीचा. त्या दिवशी दुपारच्या सुमारास देशभर यूपीआय अडखळू लागलं. क्यूआर कोड स्कॅन व्हायचा, पिन टाकून व्हायचा आणि पुढे स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहायचं. यूपीआयची मधली यंत्रणा सगळ्या देशाला एकच आहे. त्यामुळे मुंबईतला मॉल असो की गंगापूरच्या बाजारपेठेतलं किराणा दुकान, अडकले की सगळे एकाच ठिकाणी अडकतात.

ही यंत्रणा चालवते मुंबईत मुख्यालय असलेली एनपीसीआय, म्हणजे भारतीय राष्ट्रीय भुगतान निगम. तिने नंतर तपासणी केली तेव्हा पुढे आलेलं कारण मोठं बोलकं होतं. ‘अमुक व्यवहाराचं काय झालं?’ अशा चौकशांचा पूर आला होता. काही बँकांच्या यंत्रणा त्याच त्या व्यवहारांबद्दल, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही, पुन्हा पुन्हा विचारत होत्या. उत्तराला उशीर होतोय म्हणून आणखी विचारायचं, आणि विचारल्यामुळे उशीर आणखी वाढायचा.

सामान्य माणसाला हा सर्व्हरचा प्रश्न वाटतो. ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य तर तहसीलपासून रेशन दुकानापर्यंत सगळ्यांच्या ओठांवर असतं. पण सर्व्हर मंदावल्यावर त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रोग्रामने कसं वागायचं, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर शोधायची जागा म्हणजे तो प्रोग्राम लिहिणाऱ्याचं टेबल. तिथे प्रोग्रामचा एकेक सुटा भाग वेगळा तपासला जातो किंवा तपासायचा राहून जातो; या तपासणीला युनिट टेस्टिंग म्हणतात.

गंगापूर तालुक्यातल्या लोकांना ही कल्पना नवी नाही. वाळूज औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे आणि बजाजचा कारखाना तिथे १९८५पासून उभा आहे. गाडीचा एखादा सुटा भाग नीट आहे का, हे पाहायला कुणी आधी सगळी मोटरसायकल जोडून रस्त्यावर नेत नाही. तो भाग बेंचवर बसवतात, गाडीत त्याला जो दाब आणि जे हादरे मिळाले असते ते कृत्रिमरीत्या देतात आणि मोजतात. सॉफ्टवेअरच्या सुट्या भागाचंही तसंच करायचं असतं. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७मध्ये लिहिलेल्या ‘जेयुनिट’ या छोट्याशा साधनामुळे ही सवय जगभर पसरली.

अडचण येते ती यूपीआयसारख्या सामायिक सेवेपाशी. दुकानदाराच्या ॲपमधला एक भाग घेऊ. एनपीसीआयकडून आलेलं उत्तर वाचून व्यवहार ‘यशस्वी’, ‘अयशस्वी’ की ‘प्रलंबित’ हे ठरवणं एवढंच त्याचं काम. दुकानातल्या साउंडबॉक्समधून ‘शंभर रुपये मिळाले’ असं ऐकू यायचं की नाही, ते यावर ठरतं. हा भाग तपासायला दर वेळी खरे पैसे पाठवायचे का? समजा, पाठवले. तरी खात्यात पैसे कमी असल्याचा ‘झेड ९’ किंवा पिन चुकल्याचा ‘झेडएम’ हा कोड खटपट करून मिळवता येईल. पण खऱ्या यूपीआयला ‘जरा पाच मिनिटं बंद पड, आम्हाला टेस्ट करायचीय’ असं सांगता येत नाही. सगळ्यात महत्त्वाची परिस्थिती, म्हणजे उत्तरच न येणं, मागून मिळत नाही.

शिवाय खऱ्या सेवेवर टेकलेली टेस्ट दुसऱ्याच्या दोषानेही नापास होते. आज पास, उद्या नापास आणि मध्ये कोडची एक ओळही बदललेली नाही! आपल्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये असा थोडाफार बेभरवसा असल्याचं गूगलने २०१६मध्ये सांगितलं होतं. एकदा हे घडायला लागलं की प्रोग्रामर नापास टेस्टच्या लाल दिव्याकडे बघेनासा होतो. मग टेस्ट असून नसल्यासारख्याच.

म्हणून खऱ्या सेवेच्या जागी बदली सेवा उभी करतात. जेरार्ड मेसारोस यांनी २००७च्या पुस्तकात या बदल्यांच्या जाती लावून दिल्या. ठरलेलं उत्तर देणारा तो स्टब, आपल्याला काय आणि किती वेळा विचारलं गेलं हे तपासणारा तो मॉक, आणि खऱ्यासारखं पण हलकंफुलकं चालणारा तो फेक. त्यासाठी कोडची बांधणी मात्र तशी हवी. कोणत्या सेवेशी बोलायचं हे त्या भागाला बाहेरून दिलेलं असावं. एनपीसीआयला लावलेला फोन कोडमध्ये दहा ठिकाणी पुरून ठेवला असेल, तर बदली बसवायला जागाच उरत नाही. टेस्ट लिहिणं जड जातंय ही बहुतेकदा टेस्टची तक्रार नसते, बांधणीची असते.

आता एप्रिलमधल्या प्रसंगाकडे या नजरेने पाहा. त्यानंतर एनपीसीआयने बँकांना मर्यादा घालून दिली: व्यवहाराच्या स्थितीची पहिली चौकशी किमान ९० सेकंदांनंतर करायची आणि जास्तीत जास्त तीनदाच. या नियमाची टेस्ट लिहायला खरं यूपीआय लागतच नाही. एक मॉक घ्यायचा, त्याला गप्प बसायला सांगायचं. घड्याळही बदलीच घ्यायचं, म्हणजे ९० सेकंद ताटकळत बसावं लागत नाही. काटा ८९व्या सेकंदावर नेला, तर मॉककडे एकही चौकशी आलेली नसावी. ९०वर नेला, तर एक. मग काटा कितीही पुढे ढकलला तरी चौथी चौकशी दिसता कामा नये. शेवटी स्थिती ‘प्रलंबित’ हवी. ‘अयशस्वी’ असेल तर टेस्ट नापास, कारण ग्राहक ‘अयशस्वी’ वाचून पुन्हा पैसे पाठवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं आणि कोडमध्ये बदल झाला की दर वेळी आपोआप पुन्हा होतं. असे नियम बदलतात, म्हणून ९० हा आकडा कोडमध्ये एकाच जागी ठेवावा, हे ओघाने आलंच.

आळस होतो तो इथेच. ‘यशस्वी’ची टेस्ट सगळे लिहितात. मौनाची टेस्ट फार थोडे लिहितात.

पण बदली सेवेवर आंधळा विश्वासही महागात पडतो. ती आपणच लिहिलेली असते, त्यामुळे आपला गैरसमज तिच्यातही उतरतो. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झालं. जमिनीवरच्या एका प्रोग्रामने जोराचा हिशेब पौंड-सेकंदांत दिला आणि तो वाचणारा दुसरा प्रोग्राम न्यूटन-सेकंद गृहीत धरून बसला होता. दोघांनी आपापल्या समजुतीची बदली घेऊन टेस्ट केली असती, तर दोन्हीकडे हिरवा दिवाच लागला असता. म्हणून तेच प्रश्न बदली सेवेला आणि खऱ्या सेवेच्या चाचणी आवृत्तीला, अशा दोघांनाही विचारून उत्तरं जुळतात का ते अधूनमधून पाहावं लागतं. याला काँट्रॅक्ट टेस्ट म्हणतात. आधारच्या बाबतीत यूआयडीएआय डेव्हलपरांना चाचणीसाठी खास आधार क्रमांक आणि वेगळी यंत्रणा देते, ती याच कामाची. अशा टेस्ट थोड्याच असाव्यात आणि युनिट टेस्टपासून वेगळ्या चालवाव्यात.

ग्राहकाच्या हातात यातलं काही नसतं. त्याने एवढं लक्षात ठेवावं: पैसे कापले गेले आणि स्क्रीनवर ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले असे पैसे समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते.