घरेही आता रेडीमेड! गवंडी, सुतार बंधूंनी काय शिकावे?

माझा धंदा कापडाचा. बांधकामातले याला काय कळते, असे कोणी विचारील. पण काही वर्षांपूर्वी भिवंडीजवळ गोदाम बांधायला काढले, तेव्हा जो धडा मिळाला तो आपल्या कारीगर बंधूंच्या रोजीशी संबंधित आहे, म्हणून लिहितो.

गोदाम लोखंडी शेडचे. खांब, तुळया, पत्रे सगळे कारखान्यातून भोके पाडून, रंग देऊन येणार. आमच्याकडे काम एवढेच, की पाये घालायचे आणि काँक्रीटमध्ये बोल्ट बसवून ठेवायचे. ट्रेलर आला, क्रेन आली, पहिला खांब उचलला, पण तो बोल्टवर बसेना. बोल्ट पाऊण इंच सरकले होते. आमचे मिस्त्रीचाचा पंचवीस वर्षांचे अनुभवी. ते म्हणाले, "शेठ, पाऊण इंच म्हणजे काय? प्लास्टरमध्ये निघून जाईल."

त्यांच्या हिशोबाने ते खरेच होते. वीटकामात भिंत जरा हलली तर गिलावा सांभाळून घेतो. चौकट तिरकी बसली तर सुतार रंधा मारतो. लोखंडाला गिलावा कुठला? चार दिवस क्रेनचे भाडे चढत राहिले, पाये फोडून बोल्ट पुन्हा बसवले. त्यानंतर मात्र सारा सांगाडा नऊ दिवसांत उभा राहिला. इतके झटपट काम मी आयुष्यात पाहिले नव्हते.

हा वेग येतो कुठून? यंत्रे पळतात म्हणून नव्हे. नेहमीच्या पद्धतीत आधी पाया, मग कॉलम, मग सेंटरिंग, स्लॅब, आणि फळ्या काढेपर्यंत वाट पाहणे. एकामागून एक. कारखान्याच्या पद्धतीत इकडे पाया खणला जात असतो तेव्हाच तिकडे साच्यात भिंती आणि स्लॅब ओतले जातात. वाफ देऊन पिकवले की दुसऱ्या दिवशी साचा मोकळा होतो. पाऊस पडला तरी छपराखालचे काम चालूच. यंत्रमागवाल्यांना हे लगेच समजेल : एक बीम मागावर चालतो तेव्हा दुसरा सायझिंगला असतो.

पुण्याच्या शिर्के कंपनीने म्हाडाच्या वसाहतींसाठी ही पद्धत पूर्वीच वापरली. चेन्नईत केंद्र सरकारच्या योजनेतील १,१५२ घरे अशाच तयार भागांतून जोडली गेली. १ जानेवारी २०२१ ला पायाभरणी झाली आणि मे २०२२ मध्ये उद्घाटन. सिंगापूरने तर कमाल केली. तिथे २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या क्लेमेंट कॅनोपी या ४० मजली जोड इमारतीत १,८९९ खोलीवजा पेट्या एकावर एक रचल्या. त्यांचे काँक्रीट शेजारच्या मलेशियात ओतले आणि आतले काम सिंगापूरला आणून केले.

पण सगळीकडे हे परवडत नाही. साचा महाग असतो, तो शेकडो वेळा वापरला तरच पैसा वसूल होतो. एकट्यादुकट्या बंगल्याला, किंवा ट्रेलर वळणार नाही अशा गल्लीत, आपली वीटच बरी.

आणि सारा जीव सांध्यात असतो. लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची २२ मजली नवी इमारत अशीच तयार भिंती रचून बांधली होती. १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला, एक भिंत निखळली आणि त्या कोपऱ्यातले मजले वरपासून खालपर्यंत एकावर एक कोसळले. चार माणसे गेली. १९८६ मध्ये इमारत उतरवताना कित्येक सांधे नीट भरलेच नव्हते असे आढळले. भिंत कारखान्यात झाली तरी सांधा शेवटी माणसाच्याच हातात राहतो.

म्हणून गवंड्यांचे काम बुडणार, असे मी म्हणत नाही. गिलावा आणि सेंटरिंगची मजुरी अशा कामांवर नक्कीच कमी होणार, हे लपवण्यात अर्थ नाही. तयार कपडे आले तेव्हा आमच्या बाजारातल्या शिंप्यांनी पाच-सात वर्षे फक्त शिव्या दिल्या. ज्यांनी लवकर अल्टरेशन आणि कटिंग धरले ते टिकले. इथे ग्राउट भरणे, लेव्हल लावणे, नकाशा वाचणे, क्रेनला इशारे देणे ही कामे आहेत. थोडे भांडवल असेल तर काँक्रीटच्या चौकटी, कंपाउंडचे खांब आणि फळ्या, चेंबरची झाकणे, पेव्हर ब्लॉक यांचा छोटा कारखानाही निघतो. फक्त पाणी मारण्यात कंजुषी नको. कच्चा माल वाहतुकीतच कोपरे टाकतो.

मिस्त्रीचाचांनी आता प्लायवूडचा फर्मा केला आहे. बोल्ट त्यातून अडकवून दोन्ही कर्ण मोजतात, ओतताना पुन्हा मोजतात. इंचाची भाषा सोडून सुतावर आले आहेत. माझ्या शेजारच्या दोन शेडचे बोल्टकाम त्यांनी स्वतंत्र दर ठरवून घेतले, आणि त्या दोन्ही ठिकाणी क्रेनला थांबावे लागले नाही.