गोळी दिली, पण ऐकले कोणी?

घरातले एखादे माणूस रात्र-रात्र जागू लागते, जेवण टाकते, कोणाशी बोलेनासे होते. मग घरात दोन बाजू पडतात. वडीलधारे म्हणतात, नजर लागली आहे, दर्ग्यावर नेऊ. शिकलेला मुलगा म्हणतो, सोलापूरला डॉक्टरांकडे नेऊ. काळजी दोघांनाही असते. पण तुला नेमके काय होते आहे, हे त्या माणसाला विचारायचे मात्र बहुधा राहून जाते.

आधुनिक मानसोपचारावर जाणकार जी टीका करतात, तिचा रोख इथेच आहे. मेंदूतले सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते, असे अनेक वर्षे सांगितले गेले. २०२२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी यावरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा या समजुतीला ठोस आधार सापडला नाही. म्हणून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. औषधाने गुण येतो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि अनेकांना तो येतो. पण दुःखाचे मूळ फक्त डोक्यात शोधू नये, घरात आणि शेतातही शोधावे, एवढे त्यातून नक्की शिकावे. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या दिवंगत भार्गवी दावर यांनीही हेच मांडले: उपचार माणसाच्या संमतीने आणि त्याच्या वस्तीत, त्याच्या माणसांत व्हावेत.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला हा प्रश्न जवळचा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून २०१५ मध्ये शासनाने यवतमाळ आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. त्याच वर्षी आलेल्या प्रेरणा प्रकल्पाच्या चौदा जिल्ह्यांतही आपण होतो. आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारपूस करावी, १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळावे, अशी ती योजना. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नसताना, दारात येऊन कोणी विचारणे ही मोठी गोष्ट होती.

तरी एक प्रश्न उरतोच. सोयाबीन हातचे गेले, सावकार दारात उभा आहे, मुलीचे लग्न तोंडावर आहे. अशा बापाची झोप उडाली तर तो आजार म्हणायचा का? कर्ज गोळीने फिटत नाही. पण कर्ज फिटेपर्यंत माणूस जगला पाहिजे. त्यासाठी ऐकणारा कान लागतो, आणि वेळप्रसंगी गोळीही लागते.

डॉक्टरांवर टीका करताना आपल्या बाजूलाही पाहिले पाहिजे. तमिळनाडूतील एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जणांचा जीव गेला. त्यांच्या घरच्यांनी त्यांना बरे होण्यासाठीच तिथे आणले होते. याउलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. दुआसाठी आलेल्या माणसाला तिथल्या तिथे डॉक्टरही भेटू लागले. मुजावरांनी डॉक्टरांना जागा दिली, डॉक्टरांनी श्रद्धेची टिंगल केली नाही.

आपण घरी काय करावे? डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे: ही गोळी कशासाठी, किती दिवस, त्रास झाला तर काय करायचे, बोलण्याचा उपचार कुठे मिळेल? उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, पण गोळ्या मनाने एकदम बंद करू नयेत. हे रमजानमध्ये फार घडते. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून सहेरी आणि इफ्तारप्रमाणे वेळा बदलता येतील का, ते विचारावे. लिथियम चालू असेल तर विशेष जपावे. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले त्याचे प्रमाण धोकादायक वाढू शकते. आजारी माणसाला रोजाची सवलत आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि भूल न देता विजेचे झटके देण्यास बंदी घातली. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. मन फार खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. आणि घरात कोणी गप्प-गप्प राहू लागले असेल, तर आज इशाच्या नमाजनंतर मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा. सल्ला देऊ नका. आधी त्याचे ऐकून घ्या.