गादीखालची पट्टी काय ऐकते?

"सिस्टर, त्यांच्या गादीखाली एक पट्टी असते, वायर लावलेली. ती काय असते हो?"

रविवारी सकाळी आम्ही विहाराच्या ओट्यावर रक्तदाब तपासायला बसतो. तिथे एका वहिनींनी हा प्रश्न विचारला. त्या टॉवरमध्ये घरकाम करतात. चादर बदलताना गादीखाली हाताला काहीतरी चपटे लागले. मालकीणबाई म्हणाल्या, "हात लावू नकोस, साहेबांची झोप मोजायचे मशीन आहे ते." वहिनींना हसू आले. झोप ही काय मोजायची वस्तू आहे? हे सांगून त्या थोड्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना ते लावले तर कळेल का, रात्री ह्यांचा श्वास कुठे जातो ते?"

त्यांच्या या दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. पण आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ.

पट्टीच्या आत काय असते?

नावेतून काठावर उडी मारली की नाव थोडी मागे सरकते. आपल्या शरीरातही असेच घडते. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त जोराने पुढे ढकलते, तेव्हा सगळ्या अंगाला एक बारीक धक्का बसतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण काट्याला जाणवतो. १८७७ साली जे. डब्ल्यू. गॉर्डन यांनी पाहिले, की स्प्रिंगच्या वजनकाट्यावर माणूस स्थिर उभा असला तरी काटा नाडीबरोबर हलतो. पुढे १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉ. आयझॅक स्टार यांनी रुग्णाला झोपवून हा धक्का टिपणारे टेबल तयार केले. या तंत्राला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट साधी आहे: अंगाचा हादरा मोजायचा.

आता त्या टेबलाचे काम गादीखालची पट्टी करते. गॅस पेटवायचा खटक्याचा लायटर तुमच्या घरात असेल. त्यात बॅटरी नसते, तरी दाबला की ठिणगी पडते. कारण आतल्या खड्यावर दाब आला की वीज तयार होते. त्याला पिझो म्हणतात. पट्टीत असाच पिझोचा पातळ तुकडा असतो. अंग हलले की त्याच्यावरचा दाब बदलतो आणि अगदी थोडी वीज तयार होते. काही यंत्रांत पिझोऐवजी हवेची चपटी पिशवी असते आणि तिच्यातला दाब मोजतात. काहींत पलंगाच्या पायांखाली, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतात तसे वजनाचे सेन्सर बसवतात.

पट्टीला तीन गोष्टी एकदमच कळतात. कूस बदलली की मोठा हादरा. श्वासाची संथ लाट, जागेपणी शांत पडलेल्या मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २०. आणि त्या लाटेवर हृदयाचे बारीक ठोके, साधारण ६० ते १००, गाढ झोपेत आणखी कमी. बँडमध्ये ढोल कुठला आणि पिपाणी कुठली हे आपले कान वेगळे काढतात. तसे या तीन गोष्टी संगणकाचा प्रोग्रॅम वेगळ्या काढतो आणि सकाळी मोबाइलवर आकडे दाखवतो.

कळत नाही ते काय?

इथे सावध राहायला हवे. "गाढ झोप इतके तास, स्वप्नांची झोप इतके तास" असे मोबाइल छातीठोकपणे सांगतो. पण झोपेचे टप्पे ठरतात ते मेंदूच्या लहरींवरून, आणि पट्टी मेंदूपर्यंत पोचत नाही. ती श्वास, ठोके आणि हालचाल यांवरून अंदाज बांधते. माणूस डोळे मिटून, चिंतेत, न हलता पडला असेल तर यंत्राला तो झोपलेला वाटू शकतो. म्हणून मोबाइलवरचा "झोपेचा स्कोअर" म्हणजे रोगाचे निदान नव्हे.

खरी झोपतपासणी वेगळी असते. तिला पॉलिसॉम्नोग्राफी म्हणतात. त्यात डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा चिकटवतात, नाकाशी हवेची नळी असते, छाती-पोटाला पट्टे असतात आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. रुग्ण रात्रभर तिथेच झोपतो. काही ठिकाणी कमी तारांचे यंत्र घरी नेऊन तपासणी करायला देतात.

गादीखालच्या पट्टीला ऑक्सिजन कळत नाही, त्यासाठी बोटाला चिमटा लावावाच लागतो. हा चिमटा कातडीतून लाल प्रकाश पाठवून ऑक्सिजन मोजतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की काळ्या रुग्णांच्या रक्तात ऑक्सिजन कमी असतानाही चिमटा तो ठीक दाखवतो, असे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा घडते. गादीखालची पट्टी प्रकाशावर नव्हे तर दाबावर चालते, त्यामुळे कातडीच्या रंगाने तिला फरक पडत नाही. तरी बोध एकच. आकडा चांगला दिसला आणि माणूस वाईट दिसला, तर विश्वास माणसावर ठेवा.

वॉर्डातला अनुभव

या पट्टीचा खरा उपयोग आम्हाला वॉर्डात दिसतो. बंगळुरूच्या 'डोझी' या कंपनीची अशी यंत्रे देशातल्या बऱ्याच रुग्णालयांत बसवलेली आहेत. त्यात रुग्णाच्या अंगाला काही न चिकटवता नाडी आणि श्वास सतत मोजले जातात.

आम्ही नोकरीत असताना ही सोय नव्हती. एक कबुली देतो. रात्रपाळीला वॉर्डात दोघी सिस्टर आणि रुग्णांची रांग. नाडी पाहायची, ताप पाहायचा, सलाइन बदलायचे. श्वास मोजायचा तर घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत उभे राहावे लागते. तेवढा वेळ मिळायचा नाही. मग तक्त्यावर "श्वास २०" लिहिले जायचे, कितीतरी खाटांना तोच आकडा. खरे तर रुग्ण खालावू लागला की बऱ्याचदा पहिल्यांदा श्वासाचाच वेग बदलतो. जे सर्वांत आधी सांगते तेच आम्ही अंदाजाने लिहीत होतो. हे काम पट्टी न कंटाळता करते, म्हणून वॉर्डात तिचे स्वागत आहे.

मात्र पट्टी फक्त इशारा देते, धावून जात नाही. इशारा वाजल्यावर खाटेपाशी माणूस पोचला नाही तर तो इशारा फुकट जातो. म्हणून कोणी "आता मशीन आहे, सिस्टर कमी चालतील" असे म्हणू लागले, तर ते मान्य करू नका.

आपल्या घरात ती चालेल का?

ही पट्टी एक माणूस, एक पलंग, एक गादी असे धरून बनवलेली असते. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत चटईवर, गोधडीवर चौघे-पाचजण ओळीने झोपतात. बाळ आईच्या कुशीत असते. शेजारच्याने कूस बदलली की त्याचाही हादरा पट्टीला लागतो आणि आकडे बिघडू शकतात. वर वीज हवी, बहुतेक यंत्रांना वायफाय हवे. गादी पातळ की जाड, पट्टी छातीखाली आहे की सरकली, यानेही फरक पडतो.

शिवाय आकडे जातात कुठे? बऱ्याचदा कंपनीच्या संगणकावर. आपण कधी झोपलो, कधी उठलो, हृदय कसे चालले, हे सगळे. माणसाच्या माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये देशात कायदा झाला आहे, तरी ॲपमध्ये "मान्य आहे" दाबण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

म्हणून आम्ही वहिनींना सांगितले, कर्ज काढून ही पट्टी घेऊ नका. तुमच्या घरात वर्षानुवर्षे एक सेन्सर चालू आहे. तो म्हणजे तुम्ही.

वहिनींनी ऐकलेले

वहिनींचे यजमान ठेकेदाराकडे घंटागाडी चालवतात. मग वहिनींनी सगळे सांगितले. ते मोठ्याने घोरतात. घोरता घोरता एकदम शांत होतात. छाती हलते, पण हवा येत नाही. वहिनी मनात आकडे मोजतात, दहा, पंधरा, कधी वीस. मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास परत येतो. असे रात्रभर. सकाळी उठल्यावर त्यांचे डोके दुखते. दिवसा बसल्याजागी डुलकी लागते. एकदा सिग्नलला गाडीवरच डोळा लागला. ठेकेदाराने मेमो दिला, "ड्युटीवर नशेत." वस्तीतही लोक तेच बोलू लागले. ते दारूला शिवत नाहीत, हे फक्त घरच्यांना माहीत होते.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबणे, असे झोपेच्या दर तासाला किती वेळा होते ते मोजतात. श्वास अर्धवट अडखळला तरी तो त्यात धरतात. मोठ्या माणसात तासाला ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. प्रत्येक वेळी मेंदू अर्धवट जागा होतो, म्हणून आठ तास पडूनही झोप होत नाही. रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि लकव्याचा धोका वाढतो, वाहन चालवताना अपघात होतात. लोक मात्र त्या माणसाला आळशी, कामचोर, नाहीतर दारुडा ठरवतात.

आठ प्रश्न

डॉक्टर 'स्टॉप-बँग' नावाची प्रश्नावली वापरतात. कागद-पेन्सिल पुरते.

१. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतके घोरणे आहे का?
२. दिवसा नेहमी थकवा, झोप येते का?
३. झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिले आहे का?
४. रक्तदाब आहे का, किंवा त्याची गोळी चालू आहे का?
५. वजन फार जास्त आहे का? (उंची ५ फूट ५ इंच असेल तर ९५ किलोच्या वर)
६. वय ५० च्या पुढे आहे का?
७. गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरपेक्षा जास्त आहे का?
८. पुरुष आहे का?

तीन-चार "हो" आले तर धोका मध्यम, पाच किंवा जास्त आले तर मोठा. पण लक्षात ठेवा, हा आजार सडपातळ माणसांना आणि बायांनाही होतो. लहान मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर टॉन्सिल वाढल्या असू शकतात. तेही डॉक्टरांना दाखवा.

तिसरा प्रश्न नीट वाचा. त्याचे उत्तर रुग्णाला देता येत नाही. ते शेजारी झोपणाऱ्यानेच द्यायचे असते. वहिनींकडे ते उत्तर आठ वर्षे होते, पण त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

पुढे काय करायचे?

माणसाला आधी सांगून, तो झोपल्यावर मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून कान-नाक-घसा किंवा छातीविकार विभागात दाखवा आणि झोपतपासणीबद्दल विचारा. तोवर रात्रीची दारू बंद, मनाने झोपेची गोळी नको, कारण दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. कुशीवर झोपवा. वजन जास्त असेल तर कमी करा. डुलकी येत असताना गाडी चालवू देऊ नका.

तीव्र आजारात सीपॅप नावाचे मशीन देतात. नाकावरच्या मास्कमधून ते हवेचा दाब देते आणि श्वासाची वाट उघडी राहते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपचार जगापुढे मांडला.

वहिनींच्या यजमानांना तपासणीसाठी महिनाभर थांबावे लागले. आजार तीव्र निघाला. सीपॅपचे पैसे भिशीतून उभे केले. पहिले चार दिवस ते मास्क काढून फेकत होते. आता लावून झोपतात. रिपोर्टची प्रत आम्ही ठेकेदाराकडे दिली. मेमो अजून फाइलमध्येच आहे, तो काढून घेण्यासाठी अर्ज केला आहे. वहिनी मात्र परवा म्हणाल्या, "सिस्टर, आता रात्री मलाही झोप लागते."

रविवारी १० ते १२ आम्ही ओट्यावर असतो. आठ प्रश्नांची उत्तरे आणि मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन या. घोरणाऱ्यासोबत शेजारी झोपणाऱ्यालाही आणा. आम्हाला त्यांचे ऐकायचे आहे.