स्टॅम्प संपला, दिवाळी हुकली

अमेरिकेत एमएसला गेलेला तुमचा सीनियर ओळीने तीन दिवाळ्या घरी आला नाही, की ग्रुपवर टोमणे सुरू होतात, "काय रे, तिकडचाच झालास!" त्याला एकदा पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख विचारा. बऱ्याचदा खरं कारण तिथे सापडतं.

व्हिसा मिळाला की आपल्याकडे पेढे वाटून विषय संपतो. पण पासपोर्टवर चिकटवलेला एफ-१ व्हिसा, म्हणजे मुलांच्या भाषेत 'स्टॅम्प', हा फक्त आत शिरण्यापुरता असतो. आत राहता येतं ते 'स्टेटस'वर. युनिव्हर्सिटीने दिलेला आय-२० फॉर्म चालू हवा, 'सेविस' या सरकारी नोंदणीत नाव हवं आणि शिक्षण फुल टाइम हवं. त्यामुळे स्टॅम्पची मुदत संपली तरी तिथे राहून डिग्री पूर्ण करता येते, अगदी कायदेशीरपणे. पण घरी आलात, की परत जायला नवा स्टॅम्प लागतो. सगळी गोम इथेच आहे.

भारतीयांना हा व्हिसा जास्तीत जास्त ५ वर्षांचा मिळतो. आता हिशेब करा. एमएसची २ वर्षं, मग ओपीटी म्हणजे कामाच्या अनुभवाचं १ वर्ष, सायन्स-इंजिनीअरिंगवाल्यांना आणखी २४ महिने. झाली ५ वर्षं! त्यात व्हिसा हातात येतो तो कॉलेज सुरू होण्याआधीच, म्हणजे शेवटचे काही आठवडे-महिने कोरडेच. पीएचडीवाल्यांचं तर विचारूच नका.

पूर्वी नूतनीकरणासाठी बऱ्याच जणांना मुलाखत द्यावी लागत नसे, कागदपत्रं 'ड्रॉपबॉक्स'मध्ये टाकली की काम व्हायचं. सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांची ही सोय बंद झाली. दुसऱ्या एखाद्या देशात जाऊन स्टॅम्प करून घ्यायचा मार्गही त्याच महिन्यात आवळला गेला. अर्ज आपल्या देशात करा किंवा जिथले रहिवासी आहात तिथे, असा नियम आला. म्हणजे आपल्यासाठी पुन्हा बीकेसी, हैदराबाद, दिल्लीच्या स्लॉटची वाट बघणं.

आणि स्लॉटचं गणित कधीही बिघडू शकतं. २७ मे २०२५ ला अमेरिकेने जगभरातल्या वकिलातींना विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवायला सांगितलं. ऐन ऑगस्टच्या सेमिस्टरच्या तोंडावर! जूनमध्ये काम पुन्हा सुरू झालं, पण सोशल मीडिया प्रोफाइल 'पब्लिक' ठेवायच्या अटीवर. समजा, तुम्ही तेव्हा बहिणीच्या लग्नाला म्हणून घरी आला असतात तर? तिकडे रूमचं भाडं चालू, इकडे लोनचं व्याज चालू, आणि प्रोफेसरला काय सांगायचं हे कळत नाही. बाहेरचा मुक्काम ५ महिन्यांपेक्षा लांबला तर साधारणपणे स्टेटसही जातं. मग नवा आय-२०, पुन्हा ३५० डॉलर सेविस फी, पुन्हा १८५ डॉलर व्हिसा फी. व्हिसा नाकारला तरी ती फी परत मिळत नाही.

तरी आपण बरे म्हणायचे. जून २०२५ मध्ये इराण, म्यानमार, सुदानसह १२ देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेश बंद झाला. आधी दिलेले व्हिसा रद्द केले नाहीत, हे खरं. पण ज्याचा स्टॅम्प संपलाय त्या इराणी मुलाने काय करायचं? लॅबमध्ये बसून थीसिस लिहायला त्याला कोणी अडवत नाही. वडील आजारी पडले आणि तो तेहरानला गेला, तर मात्र त्याची पीएचडी अर्धवट राहण्याची भीती. आपल्याला तारीख मिळत नाही म्हणून आपण चिडतो, त्याच्यासाठी तर खिडकीच बंद आहे. हे नियम सुरक्षेसाठी आहेत असं सांगितलं जातं. असतीलही. पण अर्ध्यावर आलेल्या डिग्रीचा विचार त्यात कुठे दिसत नाही, हे मला खटकतं.

तुम्ही जाणार असाल किंवा तिथून हे वाचत असाल, तर दोन गोष्टी करा. आय-२० वर प्रवासासाठीची सही आहे का ते बघा. शिकत असताना ती १ वर्ष चालते, ओपीटीवर फक्त ६ महिने. दुसरं म्हणजे, स्टॅम्प संपत आला असेल तर आधी स्लॉट घ्या आणि मगच तिकीट काढा. आई रागावेल, "दिवाळीला येतोयस ना, नक्की सांग!" तिला 'नक्की' सांगू नका.