पाचशे मैलांवर अडलेले टपाल

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका विद्यापीठात १९९०च्या दशकात एक अजब तक्रार आली. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचे म्हणणे असे की, आपल्या विभागाची ई-मेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही. नेमके सांगायचे तर पाचशे वीस मैल! ई-मेलची व्यवस्था पाहणारे ट्रे हॅरिस यांना ही थट्टा वाटली असेल, तर नवल नाही. विजेच्या वेगाने धावणाऱ्या पत्राला मैलाचे दगड कसे कळणार? पण तक्रारदार पडले संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी काही दिवस थांबून रीतसर नोंदी जमवल्या होत्या.

हॅरिस यांनी स्वतः पत्रे पाठवून पाहिली. रिचमंड, अटलांटा, वॉशिंग्टन, इतकेच काय, ४२० मैलांवरचे न्यू यॉर्क, इथली पत्रे पोचली. मेम्फिस, डेट्रॉइट आणि बोस्टनची मात्र अडली. त्यांचे एक स्नेही राहायचे नॉर्थ कॅरोलायनातच, पण त्यांचा ई-मेल सर्व्हर होता दूर सिअ‍ॅटलला. त्यांचेही पत्र गेले नाही. म्हणजे प्रश्न माणसाच्या घराचा नव्हता, यंत्राच्या ठिकाणाचा होता.

असा बिघाड शोधायचा, तर पत्र जाते कसे हे आधी पाहायला हवे. पाठवणारा सर्व्हर प्रथम पत्त्यातील नावावरून पलीकडच्या सर्व्हरचा क्रमांक शोधतो. मग त्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर दार ठोठावतो. आतून २२० या संकेताने सुरू होणारी सलामी आली, की दोघांची ओळख होते आणि मगच मजकूर पुढे सरकतो. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढलेली ही रीत मुळात आजही तीच आहे. तपासही याच क्रमाने करावा. नाव सापडते का? दार उघडते का? आणि दार उघडणारा कोण आहे?

या तिसऱ्या प्रश्नानेच कोडे सुटले. हॅरिस यांनी आपल्याच सर्व्हरचे दार ठोठावले, तेव्हा सलामी आली ती जुन्या ‘सेंडमेल’ची! एका सल्लागाराने सर्व्हरची मूळ प्रणाली अद्ययावत केली होती. त्या नादात सेंडमेल मात्र आठव्या आवृत्तीवरून पाचव्या आवृत्तीवर घसरले होते. सूचनांची फाइल नव्या आवृत्तीची. तिच्यातल्या लांबलचक नावांच्या सूचना जुन्या सेंडमेलला वाचताच येईनात, म्हणून त्याने त्या सोडून दिल्या. पलीकडच्या उत्तराची वाट किती वेळ पाहायची, त्या सूचनेच्या जागी शून्य आले. शून्य म्हणजे त्या यंत्रावर प्रत्यक्षात तीन सहस्रांश सेकंदांहून किंचित जास्त. तेवढ्या वेळात प्रकाश जातो सुमारे ५५८ मैल, म्हणजे जवळजवळ ९०० किलोमीटर.

अर्थात, काचेच्या तंतूतून प्रकाश याहून सावकाश जातो आणि उत्तर परत यायलाही वेळ लागतो. तेव्हा हा हिशेब काटेकोर धरू नये. ही हकीकत रंजक व्हावी म्हणून आपण ती थोडी बदलली आहे, असे २००२ साली ती लिहिताना खुद्द हॅरिस यांनीच सांगितले होते. पण तिच्यातला बोध त्यामुळे उणा होत नाही.

ई-मेल पूर्ण बंद पडली तर तासाभरात ओरड होते. अर्धवट चालते, तेव्हा मात्र ‘आमच्याकडे तर सगळे ठीक आहे’ हेच उत्तर मिळते. त्यातून, तात्पुरती अडचण असेल तर सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मगच हात टेकतो. तोवर पाठवणाऱ्याला वाटते पत्र पोचले. वाट पाहणाऱ्याला वाटते पाठवलेच नाही. एखाद्याचा नोकरीचा अर्ज, एखाद्याचा वैद्यकीय अहवाल या दिवसांत कालबाह्य होतो आणि दोष लागतो माणसांना.

म्हणून तक्रार करणाऱ्याने कोणाला, केव्हा पाठवले आणि काय परत आले, याची नोंद ठेवावी. संकेत चारने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, पाचने असेल तर नकार कायमचा, एवढे जरी कळले तरी निम्मा तपास होतो. आणि ऐकणाऱ्याने ‘असे होणे शक्यच नाही’ म्हणण्याआधी अलीकडे काय बदलले, हे विचारावे. त्या विद्यापीठात सूचनांची फाइल जशीच्या तशी होती. बदलला होता तो ती वाचणारा.